घोसाळं घरच्या घरी: भाजीपासून आंघोळीच्या जाळीपर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या गच्च्या, गॅलऱ्या आणि खिडक्यांच्या ग्रिलमध्ये घोसाळं लावणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भाजीचं कोवळं घोसाळं आणि जाळीचं घोसाळं (वेलावरच वाळलेलं, ज्याच्या आतल्या धाग्यांची अंग घासायची जाळी होते) एकाच वेलाला लागतं, पण दोघांचं वेळापत्रक वेगळं. बहुतेकांची गडबड इथेच होते.

१. घोसाळं, गिलकं, पारोसा दोडका हे सगळं एकच का?

एकच. मुंबई-कोकणात घोसाळं, नाशिक-खानदेशात गिलकं, विदर्भ-मराठवाड्यात बऱ्याच ठिकाणी पारोसा किंवा चोपडा दोडका. उत्तरेकडचा भाजीवाला त्यालाच नेनुआ म्हणतो. साल गुळगुळीत, त्यावर लांबीला गडद रेघा. शिराळं, म्हणजे देशावरचा दोडका, हे त्याचं चुलत भावंड. सालीवर दहा उभ्या धारदार शिरा असतात. शास्त्रीय नावं अनुक्रमे लुफा सिलिंड्रिका आणि लुफा ॲक्युटँगुला. जाळी दोघांच्याही पोटात तयार होते, पण शिराळ्याच्या शिरा सोलता सोलता नाकी नऊ येतात. जाळी हवी असेल तर घोसाळंच लावा.

२. वेल मोठा झालाय, फळ अजून नाही. घोसाळं आहे की शिराळं, कसं ओळखू?

फूल किती वाजता उमलतं ते बघा. घोसाळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि गडद पिवळं असतं. शिराळ्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि फिकट असतं. पाकिटात बी उरलं असेल तर तेही सांगतं. घोसाळ्याचं बी चपटं, गुळगुळीत आणि कडेला पंखासारखी बारीक पट्टी असलेलं, तर शिराळ्याचं खडबडीत आणि पट्टीशिवाय.

३. मुंबईत बी कधी लावायचं?

दोन हंगाम धरा.

पावसाळी: मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य. हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मान्सून मुंबईत ११ जूनला पोचतो. धो धो सुरू होण्याआधी रोपाला चार-पाच खरी पानं (बीजपानांनंतर येणारी) आलेली असली की ते तग धरतं. फळं ऑगस्टपासून मिळतात, म्हणजे श्रावणातली भजी आणि ऋषिपंचमीची भाजी घरच्या वेलावर निघते.

उन्हाळी: जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. फुलं मार्चअखेरीपासून, भाजी मेपर्यंत.

जुलैच्या ऐन पावसात बी टाकू नका. उगवण्याआधीच कुजतं. डिसेंबरात लावलं तर येतं, पण रात्री गार असल्याने उगवायला दोन आठवडेही लागतात. जाळीसाठीचं गणित वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न २० पाहा.

४. बाजारातून आणलेल्या घोसाळ्यातलं बी चालेल का?

नाही. भाजीचं घोसाळं कोवळं असतं. त्यातलं बी पांढरं, मऊ आणि अपक्व. बी वेलावरच वाळलेल्या फळातलं लागतं. विकत घेताना पाकिटावर जात वाचा. ‘पुसा चिकनी’ हे घोसाळं आहे, ‘कोकण हरिता’ हे शिराळं. दुकानदार दोन्ही ‘दोडका’ म्हणून हातात ठेवतात. संकरित बी घेतलंत तर पुढच्या वर्षासाठी त्याचं बी धरण्यात अर्थ नाही, वाण तसा उतरत नाही.

५. बी उगवतच नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा पाणी जास्त. घोसाळ्याचं कवच जाड असतं, म्हणून बी कोमट पाण्यात १२ ते १८ तास भिजवा. त्याआधी कडेची पट्टी पॉलिश पेपरवर दोनदा घासली तर अजून चांगलं. मग ओल्या मिश्रणात दोन सेंटिमीटर खोल, आडवं ठेवा आणि वरून हलका हात फिरवा. नंतर माती फक्त दमट ठेवायची. रोज तांब्याभर ओतायचं नाही. उबेत ६ ते १० दिवसांत कोंब दिसतो.

मुळांना हलवलेलं आवडत नाही, म्हणून थेट कुंडीतच लावलेलं बरं. रोप आधी करायचंच असेल तर चहाच्या कागदी कपात करा. बुडाला भोक पाडा आणि दोन खरी पानं आली की कप फाडून मातीच्या गोळ्यासकट लावा. एका जागी दोन बिया टाका आणि नंतर अशक्त रोप कात्रीने कापा. उपटलंत तर शेजारच्याची मुळं सुटतात.

६. कुंडी किती मोठी हवी?

एका वेलाला निदान २० लिटर माती. १५ बाय १५ इंचाची ग्रो बॅग किंवा रंगाची २० लिटरची बादली पुरते. बादलीच्या बुडाला करंगळीएवढी सहा-सात भोकं पाडा आणि बाजूलाही खालून एक इंचावर तीन-चार. बूड टेकलं की तळाची भोकं बुजतात, तेव्हा बाजूची कामाला येतात.

दहा इंची कुंडीत वेल येतो, फुलतो, आणि मेच्या उन्हात दुपारी दोनला मान टाकतो. दोन वेल एका बादलीत दाटीवाटीने लावले तर दोन्ही अर्धपोटी राहतात.

ओली माती भरलेली ही बादली २५ किलोच्या आसपास जाते. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये ठेवणार असाल तर वेल्डिंगच्या सांध्यांना गंज आहे का ते हाताने चाचपून बघा. शंका असेल तर कुंडी खोलीच्या आत ठेवा आणि फक्त वेल बाहेर सोडा.

७. माती कशी करायची?

चार भाग लाल माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू. त्यात प्रति बादली एक मोठी मूठ निंबोळी पेंड, साधारण ५० ग्रॅम. कोकोपीट जास्त घातलं की उन्हाळ्यात छान वाटतं आणि जुलैत स्पंजासारखं पाणी धरून मुळं कुजवतं. पावसाळी वेलासाठी कोकोपीट एकाच भागावर आणा आणि वाळू दोन भाग करा.

८. आमच्या गॅलरीत चारच तास ऊन येतं. चालेल का?

वेल वाढेल, हिरवागार दिसेल, फळं मोजकीच येतील. घोसाळ्याला सहा तास थेट ऊन हवं. समोर टॉवर असेल तर वेलाचा शेंडा उन्हाकडे वळवा. मूळ सावलीत असलं तरी बिघडत नाही, पानांना ऊन मिळायला हवं. फक्त उत्तरेची खिडकी असेल तर घोसाळ्याचा नाद सोडा.

९. मांडव कशाचा करू?

नायलॉनची चार इंची चौकोनांची जाळी किंवा सुतळीचे उभे दोर. वेल पंधरा फुटांच्या वर सहज जातो, त्यामुळे सरळ वर न नेता ग्रिलवर नागमोडी फिरवा. तणावे स्वतः धरतात, तुम्ही फक्त दिशा द्या. फळं लोंबती राहतील असं बघा. जाळीत किंवा गजांच्या मध्ये अडकलेलं फळ तिथेच फुगतं आणि नंतर कापल्याशिवाय निघत नाही.

१०. महिना झाला, फुलं भरपूर येतात आणि गळतात. फळ एकही नाही!

ती नर फुलं आहेत, आणि त्यांचं गळणं अगदी रास्त आहे. घोसाळ्याच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फुलं एका दांड्यावर घोसाने येतात आणि रोज एक-दोन उमलतात. मादी फूल पानाच्या बेचक्यात एकटं येतं आणि त्याच्या मागे काडीएवढं इवलंसं घोसाळं आधीपासूनच असतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बहुधा नर फुलंच येतात. थांबा.

त्याहून जास्त दिवस झाले तर कारणं तीन. नत्र जास्त झालं असेल: पानं मोठी, गडद, लुसलुशीत आणि कांड्या लांब असतील तर हेच. खत थांबवा (प्रश्न १५). किंवा दिवस मोठे आणि ऊन कडक असेल. एप्रिल-मेमध्ये नर फुलं वाढतात आणि दिवस लहान होऊ लागले की मादी फुलं वाढतात, म्हणून पावसाळी वेल ऑगस्टअखेरपासून एकदम रंगात येतो. तिसरं कारण म्हणजे शेंडा कधी खुडलाच नाही. मुख्य वेलाला सात-आठ पानं झाली की टोक नखाने खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुलं जास्त करून त्यांच्यावर येतात. त्या फांद्याही दहा-बारा पानांवर खुडल्या तर अजून फुटवे येतात, पण २० लिटरच्या बादलीत चार-पाच फांद्यांच्या वर पोसवणं कठीण.

गळालेल्या नर फुलांचं वाईट वाटत असेल तर ती सकाळी नऊनंतर खुडा, आतल्या मुंग्या झटका आणि बेसनात बुडवून तळा.

११. मादी फूल येतं, पण मागचं छोटं फळ पिवळं पडून गळतं. का?

परागीभवन झालं नाही. घोसाळ्याकडे मधमाश्या आणि काळे मोठे भुंगे येतात, पण बाराव्या-चौदाव्या मजल्यावर त्यांची ये-जा कमी. पावसाच्या झडीत तर कुठल्याच मजल्यावर नाही. मग काम तुमच्याकडे.

सकाळी साडेसहा ते साडेआठ. त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा आणि पाकळ्या मागे सोलून काढा. मधले पुंकेसर बोटाला लावून बघा. पिवळी पूड चिकटली पाहिजे. पूड ओली, गोळा झालेली असेल तर ते फूल टाका. पुंकेसर मादी फुलाच्या मधल्या हिरवट, तीन फाकांच्या चिकट भागावर तिन्ही बाजूंनी हलकेच टेकवा. एका नर फुलावर दोन मादी फुलं होतात. पावसाची शक्यता असेल तर फुलावर बटर पेपरची छोटी टोपी दुपारपर्यंत ठेवा. तीन दिवसांत फळ बोटभर झालं आणि देठ वाकला, तर जमलं.

दहा वाजता उठून हे करणाऱ्यांना यश येत नाही. तोवर पराग निकामी होत आलेला असतो. आणि शिराळ्याला हेच काम संध्याकाळी करायचं.

परागीभवन होऊनही फळ गळत असेल तर वेलावर आधीच जून झालेली फळं लटकतायत का ते बघा. वेल त्यांना पोसतो आणि नवीन सोडून देतो.

१२. फळ वाकडं आणि एका टोकाला बारीक येतंय.

अर्धवट परागीभवन. तिन्ही फाकांना पराग लागला नाही की असं होतं. खायला हरकत नाही. मात्र वाकडेपणाच्या जागी डिंकाचा थेंब दिसला तर ती फळमाशी आहे, प्रश्न १४ पाहा.

१३. कळ्यांवर मुंग्याच मुंग्या. औषध मारू का?

नको. घोसाळ्याच्या कळ्यांजवळच्या छोट्या पानांवर मधाच्या ग्रंथी असतात. भिंगातून पाहिलं तर चकचकीत टिकल्या दिसतात. मुंग्या त्यासाठीच येतात आणि जाता जाता लहान अळ्यांनाही पळवतात. पण पान उलटून बघा. मागे हिरवा-काळा मावा किंवा पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल तर मुंग्या त्यांची राखण करतायत. तेव्हा आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग कडुनिंबाचं तेल ५ मिली आणि भांड्यांचा पातळ साबण १ मिली एक लिटर पाण्यात फेटून, अंधार पडल्यावर, पानांच्या मागून फवारा. पाच-सहा दिवसांनी पुन्हा. सकाळी फवारू नका, मधमाश्यांची वेळ असते.

१४. फळ बाहेरून बरं दिसतं, कापलं की आत अळ्या!

फळमाशी. मुंबईत घोसाळ्याची ही सगळ्यात मोठी डोकेदुखी, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मादी माशी कोवळ्या सालीत सुईसारखी नळी खुपसून अंडी घालते. भोकातून डिंक पाझरतो, फळ तिथे वाकतं आणि आतून सडतं. अळ्या मोठ्या झाल्या की उडी मारून मातीत शिरतात आणि कोष करतात, म्हणजे पुढची पिढी तुमच्याच कुंडीत.

खात्रीचा उपाय पिशवी. फूल सुकल्यावर एक-दोन दिवसांत फळावर मलमलीची किंवा जुन्या ओढणीची लांबट पिशवी चढवा आणि तोंड देठाजवळ बांधा. उन्हाळ्यात वर्तमानपत्राची पुंगळी चालते, पावसात तिचा लगदा होतो. क्यू-ल्यूरचा (माशीला ओढणाऱ्या गंधाचा) सापळाही लावा, पण त्यात फक्त नर सापडतात. आसपासच्या गच्च्यांतून माद्या येतच राहतात, म्हणून एकट्या सापळ्यावर विसंबू नका. किडलेलं फळ कंपोस्टमध्ये टाकायचं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा आणि मग ओल्या कचऱ्यात द्या. दर आठवड्याला कुंडीतली वरची दोन इंच माती उकरून निंबोळी पेंड मिसळा.

फळात औषध फवारून अळ्या मरत नाहीत. त्या आत असतात आणि औषध तुमच्या ताटात येतं.

१५. खत कोणतं आणि किती?

दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत, वरून मातीचा पातळ थर. रासायनिक वापरत असाल तर कळ्या येईपर्यंत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) लिटरला २ ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा. कळ्या दिसल्या की ते बंद, आणि ०:५२:३४ (नत्र नसलेलं) लिटरला तेवढंच. खाली जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर मॅग्नेशियम सल्फेट लिटरला २ ग्रॅम, एकदा फवारून बघा.

केळ्याच्या आणि कांद्याच्या सालींच्या पाण्याबद्दल फार विचारलं जातं. नुकसान नाही, पण त्यात वेल पोसण्याएवढं काही नसतं. झाकून ठेवलेल्या बाटलीला वास मात्र नक्की येतो.

१६. पानांवर डाग, रेघा, पांढरी पूड. प्रत्येकाला वेगळं औषध लागतं का?

लागतं, म्हणून आधी ओळखा.

पानाच्या वर पिठासारखी पांढरी पूड म्हणजे भुरी. ही कोरड्या दिवसांत, गार रात्रींना येते. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, आठवड्याला एकदा, उन्हात फवारा. गंधकाची पूड भुरीवर चालते, पण कडक उन्हात वेलवर्गीय पानं जाळते. एप्रिल-मेमध्ये नकोच.

शिरांनी बांधलेले कोनदार पिवळे डाग आणि मागे राखाडी लव म्हणजे केवडा. हा पावसाळ्यातला. खालची पानं काढून वारा खेळता करा आणि पाणी पानांवर नको, मुळाशी द्या.

पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळी. तेवढं पान काढा. दोन-चार पानांवर असेल तर दुर्लक्ष करा.

रोपाच्या पहिल्या दोन पानांना भोकं म्हणजे तांबडे भुंगेरे. सकाळी ते सुस्त असतात, हाताने पकडून साबणाच्या पाण्यात टाका. याच दिवसांत रोप जाळीने झाकलं तर निम्मा त्रास वाचतो.

पानं वळलेली, लहान, पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची आणि शेंडा आखडलेला असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. यावर औषध नाही. वेल उपटा, माशी दुसऱ्या वेलावर जायच्या आत.

१७. जुलैत सगळा वेल एकदम पिवळा पडला.

मुळं बुडाली. माती हुंगून बघा, आंबूस वास येईल. कुंडी दोन विटांवर उचला, भोकं काडीने मोकळी करा, दोन दिवस पाऊस लागणार नाही अशा जागी सरकवा. सरसकट फिकट पण ताठ असेल तर नत्र वाहून गेलंय. पाऊस उघडल्यावर गांडूळखत द्या. कुंडीखालच्या ताटल्या जूनमध्येच काढून ठेवा. आठवडाभर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास तयार होतात.

१८. भाजीसाठी कधी तोडायचं?

फूल उमलल्यापासून ५ ते ८ दिवसांत, वीतभर लांब असताना. नख सहज रुतलं की कोवळं. नख घसरलं तर आत धागे झालेत. पावसाळ्यात एका दिवसाचा उशीरही जाणवतो, म्हणून एक दिवसाआड वेल चाळा, पानांमागे लपलेलं एक तरी सापडतंच. ओढून तोडू नका, फांदी सोलते. कात्रीने देठ अर्धा इंच ठेवून कापा.

१९. घोसाळं शिजून नुसतं पाणी होतं, हातात काहीच उरत नाही.

अर्धा किलोची वाटीभर भाजी होते, हे धरूनच चला. वरून पाणी घालू नका, झाकण ठेवू नका, मीठ शेवटी. अर्धा तास भिजवलेली मूठभर मूगडाळ किंवा चणाडाळ घातली की सुटलेलं पाणी ती पिते. कोलंबी घालायची असेल तर ती आधी हळद-तिखटात परतून बाजूला काढा आणि घोसाळं आटत आल्यावर घाला. नाहीतर ती रबर होते.

भज्यांना अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या. दोन मध्यम घोसाळ्यांना एक वाटी बेसन, एक चमचा तांदळाचं पीठ, ओवा, हळद, तिखट, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. चकत्यांना आधी मीठ लावलं तर पाणी सुटतं आणि पीठ घसरतं. मीठ फक्त पिठात. भरितासाठी चकत्या वाफवून, कुस्करून, पूर्ण गार झाल्यावरच दही घाला. गरम असताना घातलं तर फाटतं. वरून हिंग-मिरचीची फोडणी आणि दाण्याचं कूट. किसलेल्या सालीची तीळ-सुकं खोबरं-लसणाची चटणी मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतावी लागते, घाई केली तर चिवट होते.

२०. जाळीसाठी कोणती फळं ठेवायची आणि किती?

फूल लागल्यापासून जाळी तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, आणि शेवटचे तीन-चार आठवडे कोरडे हवेत. मान्सून मुंबईतून सरासरी ८ ऑक्टोबरला परततो. म्हणून पावसाळी वेलावर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सगळं भाजीसाठी तोडा. त्यानंतर धरलेल्या फळांतली सरळ, जाडसर तीन-चार ठेवा. ऑक्टोबरचा उकाडा बाकी काम करतो आणि जाळ्या नोव्हेंबर-डिसेंबरात हातात येतात. ऑगस्टमधलंच मोठं फळ ‘असू दे’ म्हणून ठेवलं, तर ते वेलावर सडतं आणि नवीन फुलंही थांबवतं.

उन्हाळी वेलावर मार्चअखेर धरलेली फळंच ठेवा, जून उजाडायच्या आत वाळली पाहिजेत.

२० लिटरच्या बादलीत चारपेक्षा जास्त जाळ्यांची हाव धरू नका, धागा विरळ येतो. ठेवलेल्या फळांना पहिले दोन आठवडे पिशवी (प्रश्न १४). साल कडक झाली की माशीचा उपद्रव संपतो.

२१. फळ तयार झालं हे कसं कळतं? सोलायचं कसं?

उचललं की पोकळ वाटावं, साल पिवळी-तपकिरी व्हावी, आणि कानाशी हलवलं की बिया खुळखुळाव्यात. तोडल्यावर बुडाचं टोपण अंगठ्याने दाबलं की निघतं. आधी बिया झटकून काढा, एका फळात पन्नासाच्या वर सहज निघतात. मग फळ दोन्ही तळव्यांत दाबून साल तडकवा आणि पापुद्रे सोला. चिकटून बसलं तर रात्रभर बादलीत बुडवा. नळाच्या जोराच्या धारेखाली पिळून पिळून धुवा, पाणी बुळबुळीत लागेनासं होईपर्यंत. चिकट अंश राहिला तर तपकिरी डाग पडतात आणि पुढे वास येतो. दोन-तीन दिवस उन्हात टांगून वाळवा.

२२. फळ अजून हिरवट आहे आणि पावसाचा अंदाज आहे. काढू का?

वजन हलकं झालं असेल आणि साल दाबल्यावर आतून सुटलेली वाटत असेल तर काढा आणि लगेच सोला. थोडी मेहनत पडेल, पण जाळी पांढरी निघेल. उलट हिरवं फळ घरात आणून ‘वाळेल’ म्हणून ठेवलं, तर मुंबईच्या दमटपणात आतून काळी बुरशी धरते. अजून जड असेल तर वेलावरच प्लास्टिकचं छप्पर करा.

२३. दुकानातल्यासारखी पांढरी शुभ्र करता येते का?

येते, गरज नाही. करायचीच तर औषधाच्या दुकानातलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तेवढंच पाणी, तासभर बुडवून, स्वच्छ धुवा. हातमोजे घाला. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये फार वेळ ठेवली तर धागा ठिसूळ होतो.

२४. जाळी वापरायची कशी आणि किती दिवस?

कापण्याआधी किंचित ओली करा आणि ब्रेडच्या सुरीने कापा. कोरडी कापली तर भुसा पडतो. आंघोळीला चार-पाच इंचांचा तुकडा, भांड्यांना दोन इंची चकत्या. उभी चिरून बिया बसतात ते मधले खण कापून टाकले की सपाट घासणी मिळते. नॉनस्टिकवर सहसा ओरखडे येत नाहीत. करपलेल्या कढईवर चालणार नाही, तिथे तारेचीच घासणी.

वापर झाला की पिळून खिडकीशी टांगा. बंद बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवली तर जुलैत चार दिवसांत कुबट होते. दोन तुकडे आलटून पालटून वापरा, आठवड्याला एकदा पाच मिनिटं उकळा, आणि तीन-चार आठवड्यांनी कुंडीत तुकडे करून टाका. चेहऱ्यावर, पुरळ आलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर नको. प्रत्येकाची जाळी वेगळी.

२५. शेजारी शिराळं लावलंय. बी धरलं तर मिसळेल का?

शक्यता कमी. एक पहाटे उमलतं, दुसरं संध्याकाळी. पण अशक्य नाही. खात्री हवी तर आदल्या संध्याकाळी घोसाळ्याची मादी कळी दोऱ्याने बांधा, सकाळी सोडून हाताने पराग लावा (प्रश्न ११) आणि पुन्हा बांधा. देठाला रंगीत दोरा, म्हणजे ते फळ चुकून कढईत जाणार नाही. वाळलेलं बी काचेच्या बाटलीत राखेसोबत दोन-तीन वर्षं चांगलं राहतं.

२६. घोसाळं कडू निघालं. शिजवल्यावर कडूपणा जाईल का?

जात नाही. फेकून द्या. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो. ती शिजवून मोडत नाहीत आणि उलट्या, जुलाब, प्रसंगी त्याहून गंभीर त्रास देतात. कडू दुधीच्या रसाबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिलेला इशारा याच कुळातल्या द्रव्यांबद्दल आहे. घोसाळं चिरताना देठाकडची चकती जिभेला लावून बघायची आणि कडू लागली तर थुंकायची, ही आजीची सवय आहे तशीच ठेवा. मीठ चोळून, देठ घासून कडूपणा ‘उतरवणं’ याला आधार नाही.

शेजारच्या रानटी वेलाचा पराग लागला म्हणून यंदाचं फळ कडू होत नाही. त्याचा परिणाम त्या फळातल्या बियांवर, म्हणजे पुढच्या पिढीवर होतो.

२७. कंपोस्टमधून आपोआप उगवलेला घोसाळ्याचा वेल ठेवू का?

जागा असेल तर ठेवा, पण तो कुठल्या बियाचा हे माहीत नसल्याने पहिल्या फळाची चव घेतल्याशिवाय भाजी करू नका. कडू निघाला तरी लगेच उपटायची गरज नाही. कडू फळाची जाळी गोड्याइतकीच चांगली होते. सोलून नीट धुतली की अंगाला किंवा भांड्यांना काही होत नाही. मात्र अशा वेलाच्या देठावर चिठ्ठी बांधा, घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि त्याचं बी कोणालाही देऊ नका.